एलडीएल वाढलं म्हणजे ऑपरेशन फुकट गेलं का?

पत्र : डॉक्टर, माझं वय ४३. आठ महिन्यांपूर्वी वजन कमी करण्याचं स्लीव्हचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा वजन ११२ किलो होतं, आज ८१ आहे. उंची १५८ सेंटिमीटर. शुगरच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, बीपीची एकच राहिली. कोलेस्टेरॉलची गोळी चौथ्या महिन्यात मी माझीच थांबवली. बाकीच्या सुटल्या तशी तीही सुटणार, असं धरून चालले. परवा रिपोर्ट आला आणि हातपायच गळाले. एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, ऑपरेशनच्या आधी १०० होतं, आता १३६! धाकटी बहीण म्हणते, स्लीव्हऐवजी पोटाचा बायपासच करायला हवा होतास. त्यात गेले सहा आठवडे वजनाचा काटा हलत नाही. माझं मेटाबॉलिझम बंद पडलं का? वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, म्हणून तर हा सगळा खटाटोप केला. डोंगर पोखरून उंदीर निघाला असं वाटतंय. कोलेस्टेरॉलचे तिन्ही रिपोर्ट आणि बाकीची फाइल सोबत जोडली आहे. ता.क. केस गळतात आणि प्रथिनं काही जात नाहीत.

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचून आधी रिपोर्टच समोर ओढले. बरं झालं तिन्ही पाठवलेत. परवाचा एकटा रिपोर्ट पाहिला असता तर मीही चार घटका विचारात पडले असते. तीन कागद शेजारी ठेवले की गोष्ट वेगळीच दिसते. तुम्हीही ते घेऊन बसा, आणि एक पेन्सिल घ्या.

ऑपरेशनच्या आधीचा : एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) ३९०, एलडीएल १००. तिसऱ्या महिन्यातला : एकूण १६८, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड २१०, एलडीएल ९५. परवाचा : एकूण २०२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १४०, एलडीएल १३६.

पहिल्या कागदावरचा तो १०० चा आकडा बघा. तो कुणी मोजलेला नाही, वजाबाकी करून काढलेला आहे. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजत नाहीत. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी एक सूत्र मांडलं, ते आजही वापरात आहे : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा, उरेल ते एलडीएल. तुमच्या कागदावर करून बघा. ३९० चा पाचवा हिस्सा ७८. २१२ मधून ३४ गेले, ७८ गेले, उरले १००. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरायचंच नाही, असा नियम आहे, कारण मग ते एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दाखवायला लागतं. तुम्ही ३९० वर होतात, अगदी उंबरठ्यावर. म्हणजे तुमचं खरं एलडीएल तेव्हाही शंभरापेक्षा बरंच वर असणार. ट्रायग्लिसराइडच्या ढिगाखाली ते झाकलेलं होतं. आता ढीग उपसला गेला, आणि खाली जे होतं ते दिसायला लागलं.

शिवाय तो १०० गोळी चालू असतानाचा होता. १३६ गोळीविना आहे. हा फरक रिपोर्टवर कुठेच छापलेला नसतो, म्हणून माणूस फसतो.

माझ्याकडे असे रिपोर्ट आले की मी एक साधी गोष्ट करते. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करते. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिन्यांना त्रास देणारं जेवढं म्हणून कोलेस्टेरॉल आहे ते सगळं यात येतं, आणि ट्रायग्लिसराइड कितीही असलं तरी हा आकडा चकवत नाही. तुमचे तीन आकडे : आधी १७८, तिसऱ्या महिन्यात १३७, आता १६४. हे तिन्ही एका ओळीत लिहून त्यांच्याकडे बघा. आधी गोळी होती तरी १७८. ऑपरेशन आणि गोळी दोन्ही मिळून १३७ वर आले. त्यातला थोडा उतार त्या पहिल्या महिन्यांत खाणंच नगण्य असतं त्याचाही. गोळी सोडली आणि १६४. म्हणजे गोळी नसतानाही तुम्ही आज, ऑपरेशनच्या आधी गोळी घेत होतात त्या दिवसांपेक्षा खाली आहात. ऑपरेशन फुकट गेलेलं नाही, ताई. गेली ती गोळी.

आता हे ऑपरेशन रक्तातल्या चरबीचं नेमकं काय करतं, ते समजून घ्या, म्हणजे पुढचा रिपोर्ट बघताना छातीत धस्स होणार नाही.

ट्रायग्लिसराइडचा सगळा कारभार लिव्हरशी बांधलेला आहे. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी सतत थोडी थोडी वितळून फॅटी ॲसिडच्या रूपात थेट लिव्हरकडे जात असते. लिव्हर ती साठवतं (तुमच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड दोन’ लिहिलंय ते हेच) आणि उरलेली चरबी व्हीएलडीएल नावाच्या कणांत बांधून रक्तात सोडतं. रिपोर्टवर दिसणारं ट्रायग्लिसराइड म्हणजे मुख्यतः याच कणांतला माल. इन्सुलिन नीट चालत असेल तर ते चरबीच्या पेशींना ‘आता पुरे’ म्हणतं. ते चालेनासं झालं की पेशी चरबी सोडतच राहतात, लिव्हर बांधतच राहतं. तुमच्या बाबतीत हेच चाललं होतं : शुगर वाढलेली, लिव्हर चरबीने भरलेलं, ट्रायग्लिसराइड ३९०, एचडीएल ३४. हे चारही एकाच आजाराचे हातपाय आहेत.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि उरतं ती केळीसारखी अरुंद नळी. काढलेल्या भागातच भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन सर्वांत जास्त तयार होतं, म्हणून पहिले महिने भूक जवळजवळ मेलेली असते. अन्न नळीतून झटकन आतड्यात उतरतं, त्यामुळे आतड्यातून जीएलपी-१ हे हार्मोन जेवणानंतर पूर्वीपेक्षा जास्त स्रवतं. इन्सुलिनला त्याने जोर मिळतो आणि पोट भरल्याची जाणीव लवकर होते. म्हणूनच बऱ्याच जणांची शुगर वजन फारसं उतरायच्या आधीच, पहिल्या काही आठवड्यांत सुधारायला लागते. मग लिव्हरवरचा भार हलका होतो. तुमचं ट्रायग्लिसराइड ३९० वरून १४० वर आलं ते या वाटेने. तेही ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या एखाद्या नव्या औषधाशिवाय. हे मला छोटं वाटत नाही. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या आणि हजाराच्या पुढे गेलेल्या लोकांना स्वादुपिंडाला सूज येऊन तळमळताना मी पाहिलं आहे. तुम्ही त्याच रस्त्यावर होतात आणि मागे फिरलात.

एचडीएल ३४ वरून ३१ ला उतरलं होतं, त्याचं कुणी तुम्हाला सांगितलं नसावं. वजन झरझर उतरत असतं त्या पहिल्या तीन-चार महिन्यांत एचडीएल बहुतेकांचं जागच्या जागी राहतं किंवा थोडं खालीच येतं. सहा महिन्यांनंतर ते चढायला लागतं, आणि चढ सावकाश चालू राहतो. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये शाउअर यांच्या गटाने मधुमेह असलेल्या १५० जणांवर अभ्यास केला होता. काहींना बायपास (जठर लहान करून आतडंही वळवणारं ऑपरेशन), काहींना स्लीव्ह, काहींना फक्त औषधं. पाच वर्षांनी बायपासवाल्यांचं ट्रायग्लिसराइड ४० टक्के उतरलेलं होतं, स्लीव्हवाल्यांचं २९ टक्के, तर औषधवाल्यांचं ८ टक्के. एचडीएल दोन्ही ऑपरेशनांत तीस टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. आणि एलडीएल? तिथे तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१७ साली हे निकाल छापून आले.

स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही असंच दिसलं. दहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये नव्याने मधुमेह होणं, नव्याने ट्रायग्लिसराइड वाढणं हे स्पष्टपणे कमी होतं, पण वाढलेल्या एकूण कोलेस्टेरॉलच्या बाबतीत फरक दिसला नाही. त्यांतल्या बहुतेकांची ऑपरेशनं जठर लहान करणारी होती, आतडं वळवणारी नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण बहिणीच्या म्हणण्याचं उत्तर इथेच आहे.

एलडीएलचं खातं वेगळं आहे. ते कमी व्हायचं तर लिव्हरने रक्तातून एलडीएल ओढून घ्यायला हवं, आणि लिव्हर ते तेव्हाच जोमाने ओढतं जेव्हा त्याच्या आत कोलेस्टेरॉलची चणचण पडते. ही चणचण दोन प्रकारे पाडता येते. एक, आतड्यातून कोलेस्टेरॉल आणि पित्ताम्लं (लिव्हर कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती पित्तातली आम्लं) परत शोषली जाऊ द्यायची नाहीत. दोन, लिव्हरला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवू द्यायचं नाही. पहिलं काम बायपास काही अंशी करतो, दुसरं स्टॅटिनची गोळी करते, म्हणजे तुम्ही थांबवलीत तीच. स्लीव्हमध्ये आतड्याला हातच लावलेला नसतो, त्यामुळे एलडीएलवर त्याचा परिणाम थोडाच.

तेव्हा बहिणीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. बायपासनंतर एलडीएल स्लीव्हपेक्षा जास्त उतरतं. पण यावरून ‘बायपासच करायला हवा होता’ इथे उडी मारू नका. इतिहासातली एक गोष्ट सांगते, मला ती फार बोलकी वाटते. स्टॅटिन बाजारात येण्याच्या आधी कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठीच पोट उघडत असत. मिनेसोटा विद्यापीठातले सर्जन हेन्री बुकवाल्ड लहान आतड्याचा शेवटचा भाग बाजूला काढत, म्हणजे पित्ताम्लं परत शोषली जायची नाहीत. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ८३८ जणांवर त्यांनी हा प्रयोग केला. पाच वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांचं एलडीएल ऑपरेशन न झालेल्या गटापेक्षा ३८ टक्के कमी होतं, आणि साधारण दहा वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा अटॅक हे मिळून ३५ टक्क्यांनी कमी झाले. निकाल १९९० साली आले. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, पहिलं स्टॅटिन अमेरिकेत मंजूर झालं होतं. आज ते ऑपरेशन कोलेस्टेरॉलसाठी कुणी करत नाही. जे काम रोजची एक गोळी करते त्यासाठी आतडं कापायचं कशाला? बायपासचे त्याचे त्याचे फायदे आहेत, पण लोह, बी१२, कॅल्शियम यांची कमतरता त्यात जास्त होते, जठर आणि आतडं जोडतात त्या जागी अल्सर होऊ शकतो, गोड खाल्ल्यावर घाम सुटून गळून जायला होतं. छातीत जळजळ स्लीव्हमध्ये जास्त. तुमच्या सर्जननी तुम्हाला स्लीव्ह सुचवलं त्याला त्यांची कारणं असणार. एका एलडीएलसाठी दुसऱ्या ऑपरेशनचा विचार डोक्यातून काढून टाका.

गोळीकडे येते. शुगरच्या गोळ्या सुटल्या म्हणून हीही सुटेल, हा तुमचा हिशेब मला समजतो. इतक्या वर्षांनी डबी रिकामी होताना पाहण्याचं सुख वेगळंच असतं. पण शुगरची गोळी आजचा आकडा आटोक्यात ठेवते. स्टॅटिन पुढच्या वीस वर्षांत रक्तवाहिन्यांच्या भिंतींत काय साचेल ते ठरवतं. तुम्हाला मधुमेह होता, तो आज शांत आहे. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ७.९ वरून ५.७ वर आलंय, ते उत्तमच. तरी तो काही वर्षांनी परत डोकं वर काढू शकतो, आणि आधीच्या वर्षांत जे झालं ते पुसलं जात नाही. त्यात वडिलांचा अटॅक ५२व्या वर्षी. पुरुषांत ५५ च्या आधी आलेला अटॅक आम्ही ‘अकाली’ धरतो, आणि तो घराण्याचा धोका म्हणून मुलांच्या फायलीत लिहितो. या सगळ्याचा विचार करता गोळी पुन्हा सुरू व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही घेत होतात ती ॲटोरव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम एलडीएल साधारण एक तृतीयांशाने खाली आणते. म्हणजे १३६ चं नव्वदच्या आसपास होईल. तुमच्या इतिहासाला ते पुरेसं नाही, सत्तरच्या खाली हवं, असं तुमचे फिजिशियन म्हणाले आणि मात्रा वाढवली तर दचकू नका. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांचा. मात्र या आठवड्यातच जा, आणि गोळी तुम्ही स्वतः थांबवली होती हे खरं खरं सांगा. रागावतील म्हणून लपवलंत तर ते १३६ चा अर्थ चुकीचा लावतील. मूल होण्याचा काही विचार असेल तर तेही आधी सांगा, कारण गरोदरपणात ही गोळी सहसा थांबवतात.

जाल तेव्हा आणखी दोन तपासण्यांबद्दल विचारा. एक थायरॉइडची टीएसएच : थायरॉइड मंदावलं की एलडीएल चढतं, वजनही अडतं, आणि तुमच्या दोन्ही तक्रारी एका दगडात सुटू शकतात. दुसरी लायपोप्रोटीन(ए). हा कण जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येतो, वजनाने किंवा पथ्याने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो. वडिलांचा अटॅक पाहता तुमचा मोजलेला असावा.

आता तो न हलणारा काटा. ११२ मधले ३१ किलो म्हणजे जवळजवळ २८ टक्के वजन तुम्ही उतरवलंत. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात एकूण २५ ते ३० टक्के उतरणं हे चांगलं यश समजलं जातं. तुम्ही ते आठ महिन्यांत गाठलंत. यापुढे वेग मंदावणारच.

मेटाबॉलिझम बंद पडत नाही, ताई. ते बंद पडलं तर माणूस पत्र लिहायला उरत नाही. पण ते कमी मात्र होतं, आणि याचाही हिशेब करून बघता येतो. स्वस्थ पडून असताना शरीर किती उष्मांक जाळतं याचं एक रूढ सूत्र आहे. तुमचं वय, उंची आणि ११२ किलो वजन त्यात घातलं की दिवसाला साधारण १७३० येतात. ८१ किलो घातलं की १४२०. तीनशेच्या वर फरक! शिवाय चालताना, जिने चढताना ३१ किलोचं ओझं उचलायचं नाही, तिथेही बचत. आठ महिन्यांपूर्वी ज्या खाण्यावर वजन उतरत होतं, त्याच खाण्यावर आता ते स्थिर राहतं, ते यामुळे.

याहून अवघड एक गोष्ट आहे. उपाशी राहून, धावून धावून वजन उतरवलं की शरीर हिशेबापेक्षाही जास्त काटकसर करायला लागतं. केव्हिन हॉल यांनी टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं, २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या एका अभ्यासात याच स्पर्धेतल्या लोकांची तुलना बायपास झालेल्यांशी केली होती. बायपासवाल्यांतही सहाव्या महिन्यात अशी काटकसर दिसली, पण वर्ष पूर्ण होताना ती नाहीशी झाली होती. माझ्या मते हा या ऑपरेशनांचा सर्वांत कमी बोलला जाणारा गुण आहे. शरीराशी रोज कुस्ती करायला लागत नाही.

तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे स्नायू. उतरलेल्या वजनात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा चरबीचा नसतोच, स्नायू आणि पाणी यांचा असतो. आणि विश्रांतीतही उष्मांक जाळणारे, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड ओढून घेणारे ते स्नायूच. तुम्ही पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘केस गळतात आणि प्रथिनं काही जात नाहीत.’ ते मला ठळक अक्षरात वाचायला हवं होतं. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यांत केस गळणं बऱ्याच जणींना होतं आणि बहुतेक थांबतं, पण लोह, जस्त आणि प्रथिनं कमी पडत असतील तर लांबतं. दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. त्या अरुंद नळीत जागा थोडी, म्हणून पहिला घास प्रथिनांचा, बाकी सगळं नंतर, आणि पाणी जेवणासोबत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम करा. नुसतं चालणं हृदयाला चांगलं, स्नायू टिकवायला अपुरं. व्हिटॅमिनच्या गोळ्या मात्र आयुष्यभराच्या. तिथे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबायचं नाही.

एक सावधगिरी. वितळलेल्या चरबीतलं कोलेस्टेरॉल बाहेर पडतं ते पित्तातून, आणि पित्त त्याने दाटलं की पित्ताशयात खडे होतात. वजन वेगाने उतरण्याच्या काळात हा धोका जास्त. पहिले सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात ती यासाठीच. तुमची ती आता संपली असेल. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीकडे किंवा खांद्याकडे गेली, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. सारख्या उलट्या होत असतील तरीही. त्यात बी१ संपतं आणि मज्जातंतूंना इजा होते.

गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची हीच तपासणी, करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, सर्दी-ताप नसताना. कागदाच्या कोपऱ्यात त्या दिवशीचं वजन आणि चालू असलेल्या गोळ्या लिहून ठेवा. ते दोन शब्द लिहिलेले असते तर परवाची रात्र तुम्ही झोपला असतात.

आणि बहिणीला सांगा, तिचे वडीलही तेच आहेत. तिचं वजन कितीही नीट असलं तरी तिनेही तपासणी करून घ्यावी. रिपोर्ट हातात आला की आधी एकूणातून एचडीएल वजा करायला लावा, मग हवा तर मला पाठवा.